कल्चर रिपोर्टात मेरोपेनेम असताना आईला साधी गोळी का दिली?

ऐरोलीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आई ६४ वर्षांच्या. लघवीला जळजळ, दर अर्ध्या तासाने जावं लागतं, ताप नाही, कंबरेत-पाठीत दुखत नाही. उन्हाळी लागली असेल म्हणून दोन दिवस धने-जिऱ्याचं पाणी झालं. मग कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून सिप्रोफ्लॉक्सासिनच्या चार गोळ्या आणून झाल्या. जळजळ जाईना म्हणून फॅमिली डॉक्टरांनी लघवीचं कल्चर करायला लावलं. रिपोर्टात ई. कोलाय हा जिवाणू, दर मिलिलिटरला एक लाखाच्या वर, इएसबीएल पॉझिटिव्ह (हे काय ते पुढे सांगते). खाली औषधांची यादी, त्यात एस म्हणजे औषध लागू पडेल, आर म्हणजे जंतू दाद देणार नाही: मेरोपेनेम ≤ ०.२५ एस, ॲमिकासिन ≤ २ एस, नायट्रोफ्युरँटॉइन ≤ १६ एस, फॉस्फोमायसिन ≤ १६ एस, सिप्रोफ्लॉक्सासिन ≥ ४ आर, सेफ्ट्रिॲक्झोन ≥ ६४ आर. डॉक्टरांनी नायट्रोफ्युरँटॉइन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस लिहून दिलं. चुलतभावाचं म्हणणं, मेरोपेनेमचा आकडा सगळ्यात लहान, म्हणजे तेच सगळ्यात जोरदार. मग ही स्वस्तातली जुनी गोळी कशाला? आणि शेवटी विचारलंय की ही औषधं नेमकं करतात काय, आणि चांगलं अँटिबायोटिक म्हणायचं कशाला.

ठाण्यातल्या एका लॅबमध्ये असेच रिपोर्ट वाचणं आणि सही करणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे आधी निकाल सांगते. तुमच्या डॉक्टरांनी योग्य गोळी दिली आहे. मी त्यांच्या जागी असते तर हीच दिली असती, किंवा फार तर फॉस्फोमायसिनची ३ ग्रॅमची एक पुडी.

आता ते आकडे. त्या आकड्याला आम्ही एमआयसी म्हणतो. जंतूंची वाढ थांबवायला त्या औषधाचं किमान किती प्रमाण लागतं, दर मिलिलिटरला किती मायक्रोग्रॅम, एवढंच तो सांगतो. लॅबमधल्या यंत्रात एक प्लास्टिकचं कार्ड जातं, त्यात बारीक खळगे असतात आणि प्रत्येक औषध चढत्या प्रमाणात भरलेलं असतं. ≤ ही खूण याचा अर्थ असा की कार्डावर असलेल्या सगळ्यात कमी प्रमाणालाही जंतू वाढला नाही. खरा आकडा त्याहूनही खाली असू शकेल, आम्ही तो शोधत बसत नाही. आणि या आकड्यांची एकमेकांशी तुलना करायचीच नसते. वाशीच्या मार्केटात कांदा किलोवर मिळतो आणि कोथिंबीर जुडीवर; कोथिंबीर पंधराला आणि कांदा तीसला म्हणून कोथिंबीर निम्म्या भावात मिळाली असं कोणी म्हणत नाही. प्रत्येक औषधाची मोजपट्टी वेगळी. आमच्याकडे बऱ्याच लॅब अमेरिकेच्या सीएलएसआय या संस्थेचे तक्ते वापरतात. त्यात ई. कोलायसाठी मेरोपेनेमची 'एस'ची मर्यादा १ आहे, सिप्रोफ्लॉक्सासिनची ०.२५, आणि नायट्रोफ्युरँटॉइनची ३२. म्हणजे सिप्रोचा आकडा १ आला तर तो रिपोर्टात 'आर' असतो आणि नायट्रोफ्युरँटॉइनचा १६ आला तरी तो आरामात 'एस'.

ही मर्यादा ठरवताना नुसतं काचेच्या बशीत काय होतं ते बघत नाहीत. नेहमीच्या डोसला ते औषध शरीरात किती चढतं आणि रुग्ण बरे होतात का, हेही धरतात. नायट्रोफ्युरँटॉइन रक्तात जवळजवळ टिकतच नाही, १ मायक्रोग्रॅमच्या आसपासही मुश्किलीने जातं. मूत्रपिंड ते भराभर गाळून लघवीत टाकतात आणि तिथे ते ३२ च्या पुष्कळ वर चढतं. तुमच्या आईंचे जंतू आहेत मूत्राशयात. औषधही तिथेच साठतंय. मेरोपेनेम पण तिथे पोचेल, पण ते शिरेतून, दर आठ तासांनी, आणि जाता जाता आतड्यातल्या निरुपद्रवी जंतूंची वाट लावून.

ही औषधं करतात काय, ते थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण त्याशिवाय 'स्ट्राँग' हा शब्द डोक्यातून जाणार नाही.

जंतू मारणं अवघड काम नाही. फिनेलने मरतात, उकळत्या पाण्याने मरतात. अडचण एवढीच की माणूसही मरतो. जर्मनीचे पॉल एर्लिख यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला हाच प्रश्न धरला होता: रोगजंतूला लागेल आणि रोग्याला लागणार नाही असं रसायन मिळेल का? त्यातून १९१० मध्ये सिफिलिसवरचं साल्व्हरसान बाजारात आलं. ते आर्सेनिकचं संयुग होतं, म्हणजे रोग्याला अगदीच लागत नव्हतं असं नाही. पण दिशा ती होती आणि आजही तीच आहे. जंतूकडे आहे आणि आपल्याकडे नाही, किंवा आपल्याकडे वेगळ्या घडणीचं आहे, असं काहीतरी शोधायचं आणि तिथे घाव घालायचा.

सगळ्यात सोपी जागा म्हणजे जंतूची भिंत. आपल्या पेशींना भिंत नसते, नुसता पातळ पडदा असतो. बहुतेक जिवाणूंना त्या पडद्याबाहेर पेप्टिडोग्लायकन नावाची जाळी असते: साखरेच्या लांब साखळ्या आणि त्यांना आडवे बांधणारे अमिनो आम्लांचे छोटे तुकडे. आतला दाब इतका असतो की ही जाळी नसेल तर पेशी फुटते. जंतू वाढतो तेव्हा त्याला जाळी एकीकडे कापावी लागते आणि दुसरीकडे नवीन बांधावी लागते. बांधणारं एन्झाइम, ज्या टोकाला ॲलनिन नावाची दोन अमिनो आम्लं शेजारी शेजारी असतात ते टोक पकडतं आणि गाठ मारतं. पेनिसिलिनचा चौकोनी बीटा-लॅक्टम गाभा त्या टोकासारखाच दिसतो. एन्झाइम त्याला पकडतं आणि कायमचं अडकून बसतं. कापणारी एन्झाइमं मात्र चालूच राहतात. जाळी विरत जाते, पाणी आत शिरतं, जंतू फुटतो. पेनिसिलिन, ॲमॉक्सिसिलिन, सेफिक्झिम, सेफ्ट्रिॲक्झोन, मेरोपेनेम ही सगळी याच घराण्यातली.

आपल्याकडे हे एन्झाइमच नाही, त्यामुळे ही औषधं माणसाला सोसतात. ॲलर्जीचा प्रश्न वेगळा. तो ज्याला आहे त्याला एक गोळीही महागात पडते. पण ज्याला नाही त्याला हृदयाच्या झडपेच्या इन्फेक्शनमध्ये पेनिसिलिन दिवसाला २ कोटी ४० लाख युनिटांपर्यंत देतात. ही मोकळीक सगळ्या अँटिबायोटिकना नसते.

पेनिसिलिनचा एक जुना किस्सा इथे कामाचा आहे. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये बुरशीभोवतीचे जंतू विरलेले दिसले, पण औषध म्हणून ते उभं केलं ऑक्सफर्डच्या फ्लोरी, चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. फेब्रुवारी १९४१ मध्ये अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलिसाला ते टोचलं. चेहऱ्यावरच्या जखमेतून इन्फेक्शन अंगभर पसरलं होतं. काही दिवसांत त्याला लक्षणीय उतार पडला. पण औषध इतकं थोडं होतं की त्याच्या लघवीतून ते परत गाळून त्यालाच द्यावं लागलं, आणि तेही संपल्यावर इन्फेक्शन उलटलं आणि तो गेला. पेनिसिलिन काही तासांत लघवीवाटे निघून जातं हे त्यातून दिसलं. आजही त्या घराण्यातल्या बहुतेक औषधांचं असंच आहे: ॲमॉक्सिसिलिनचं रक्तातलं प्रमाण साधारण दर तासाला निम्मं होतं. म्हणून 'दर आठ तासांनी' असं लिहिलेलं असतं. या औषधांत एकदम मोठा डोस देऊन फारसं काही साधत नाही. दिवसातला जास्तीत जास्त वेळ प्रमाण एमआयसीच्या वर राहायला हवं. ॲमिकासिन, जेंटामायसिन यांचं उलटं: त्यांचा एकच उंच कळस जास्त मारतो, म्हणून दिवसातून एकदाच इंजेक्शन. सकाळची ॲमॉक्सिसिलिन राहिली म्हणून रात्री दोन एकदम घेणारी मंडळी आपल्याकडे घरोघरी आहेत. या गोळीबाबत तो हिशेब जुळत नाही.

आता तुमच्या रिपोर्टातलं इएसबीएल. जंतूंनी या चौकोनी गाभ्यालाच तोडणारी एन्झाइमं बनवली, त्यांतलं हे एक कुटुंब. पेनिसिलिनसकट सेफ्ट्रिॲक्झोन, सेफिक्झिम यांच्यासारखी औषधं ते तोडतं. लॅबमध्ये आम्ही ते ओळखतो असं: जंतू पसरलेल्या बशीवर औषधाच्या दोन चकत्या ठेवायच्या, एक चकती नुसत्या सेफॅलोस्पोरिनची, दुसरी त्यातच क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड घातलेली. क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड एन्झाइमला स्वतःवर अडकवून ठेवतं. दुसऱ्या चकतीभोवतीचं मोकळं वर्तुळ पहिल्यापेक्षा ५ मिलिमीटर किंवा जास्त मोठं आलं की इएसबीएल. मेडिकलमध्ये '६२५' म्हणून मागतात ती गोळी म्हणजे ५०० ॲमॉक्सिसिलिन आणि १२५ क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड. ५०० पेक्षा ६२५ मोठं म्हणून ती जास्त पॉवरची, असं समजणारे सुशिक्षित लोक मला रोज भेटतात.

मेरोपेनेमचा गाभा इएसबीएलला तुटत नाही, म्हणून तुमच्याकडे तो 'एस' आहे. पण त्यालाही तोडणारी एन्झाइमं आहेत. त्यांतल्या एनडीएम-१ चं, म्हणजे 'न्यू दिल्ली' हे नाव दिलेल्या एन्झाइमचं, वर्णन २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. स्वीडनमधल्या एका रुग्णाच्या जंतूंत ते सापडलं होतं आणि त्याआधी तो दिल्लीत रुग्णालयात होता. त्या नावावरून आपल्याकडे बराच गदारोळ झाला. नाव काहीही ठेवा, ठाण्या-मुंबईच्या आयसीयूतून येणाऱ्या नमुन्यांत असे मेरोपेनेमला दाद न देणारे जंतू आता आम्हाला नवलाचे राहिलेले नाहीत. मेरोपेनेम जितकं जास्त वापरू तितके ते वाढणार. फॅमिली डॉक्टरांनी ते न लिहिण्यामागे हेही एक कारण आहे, आणि ते कारण तुमच्या आईंच्याही फायद्याचं आहे: आतड्यात असे जंतू एकदा मुक्कामाला आले तर पुढचं इन्फेक्शन त्यांचंच होऊ शकतं.

'व्हँकोमायसिन यादीत का नाही, ते तर फार मोठं औषध ना?' हा प्रश्नही नेहमी येतो. तेही भिंतीवरच घाव घालतं, पण रेणू आकाराने मोठा. ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंना जाळीच्या बाहेर आणखी एक पडदा असतो आणि व्हँकोमायसिन त्यातून आतच जात नाही. ई. कोलायवर ते लावून बघणं म्हणजे कार्डावरचा एक खळगा फुकट घालवणं. हान्स ख्रिस्तियान ग्राम यांनी १८८४ मध्ये शोधलेली जांभळ्या-गुलाबी रंगाची परीक्षा आम्ही अजून रोज करतो, ती यासाठीच. जंतू जांभळा की गुलाबी, एवढं कळलं तरी निम्मी औषधं बाद होतात.

दुसरी मोठी जागा म्हणजे रायबोझोम, पेशीत प्रथिनं तयार करणारं यंत्र. ते आपल्याकडेही आहे, पण घडण वेगळी: जंतूंचं ७०एस, आपलं ८०एस (हा एस आकारमानाचा, रिपोर्टातला नव्हे). हा फरक इतका बारीक आहे की औषध नेमकं कुठे बसतं ते कळायला रायबोझोमचा अणू-अणूंचा नकाशा लागला. त्यासाठी २००९ चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं, त्यांतले एक बडोद्यात शिकलेले वेंकटरामन रामकृष्णन. ॲमिकासिन आणि डॉक्सिसायक्लिन रायबोझोमच्या लहान तुकड्यावर बसतात, ॲझिथ्रोमायसिन, क्लिंडामायसिन, लिनेझोलिड मोठ्या तुकड्यावर. ॲमिकासिनमुळे जंतू चुकीची प्रथिनं बनवू लागतो आणि मरतो. बाकीच्यांनी सहसा नुसता थबकतो आणि मग आपल्या पांढऱ्या पेशी त्याचा निकाल लावतात. मारणारं श्रेष्ठ आणि थबकवणारं कनिष्ठ, असं मानायचं मात्र कारण नाही. ज्याची प्रतिकारशक्ती शाबूत आहे त्याला बहुतेक इन्फेक्शनमध्ये याने फरक पडत नाही.

आपल्या पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियाचे रायबोझोम जंतूंच्या रायबोझोमसारखे असतात, आणि इथे आपली पंचाईत होते. लिनेझोलिड दोन आठवड्यांच्या पुढे गेलं की रक्तातल्या पेशी कमी होतात का ते बघत राहावं लागतं, ते यामुळे. ॲमिकासिन तर मूत्रपिंडाच्या आणि आतल्या कानाच्या पेशींत साठतं. कानाला झालेली इजा बहुधा भरून येत नाही. तुमच्या रिपोर्टात ते 'एस' आहे, रुपयांत स्वस्तही आहे, आणि तरीही ६४ वर्षांच्या बाईंना मूत्राशयाच्या साध्या इन्फेक्शनसाठी गोळी उपलब्ध असताना मी ते पहिलं निवडणार नाही.

बाकीच्या जागा भराभर सांगते. सिप्रो, लिव्होफ्लॉक्सासिन ही डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या जंतूंच्या एन्झाइमला अडकवतात. गुणकारी, पण आपल्याकडे इतकी खपली की लघवीच्या ई. कोलायवर आता डोळे झाकून देण्याजोगी उरली नाहीत. वयस्कर माणसांत टाचेमागचा स्नायुबंध दुखावण्याची किंवा तुटण्याची भीती आहे ती वेगळी. सल्फाची औषधं जंतूला फोलिक ॲसिड बनवू देत नाहीत. जंतूला ते स्वतः बनवावं लागतं, आपण पालेभाजीतून खातो. मेट्रोनिडाझोल ऑक्सिजन नसलेल्या जागी राहणाऱ्या जंतूंच्या पोटात गेल्यावरच विषारी बनतं. कोलिस्टिन जंतूचा पडदाच फाडतं. पडदा आपल्यालाही आहे, म्हणून ते मूत्रपिंडाला झोंबतं. मेरोपेनेमही चालत नाही तेव्हा त्याचा आधार घ्यावा लागतो, आणि असं औषध कोंबड्यांच्या खाद्यात घालत होते. २०१९ मध्ये भारत सरकारने प्राण्यांसाठी त्याचा वापर बंद केला, ते फार बरं झालं.

आता तुमची गोळी. नायट्रोफ्युरँटॉइन १९५० च्या दशकापासून वापरात आहे. जंतूची स्वतःचीच एन्झाइमं त्याचं रूपांतर तिखट, अस्थिर रसायनांत करतात आणि ती डीएनए, रायबोझोम, इतर प्रथिनं अशी सापडेल त्यावर तुटून पडतात. घाव एका जागी नसल्यामुळे एक बदल करून जंतूला सुटता येत नाही. सुटायचं तर ते रूपांतर करणारी एन्झाइमंच सोडून द्यावी लागतात, आणि ते जंतूला परवडत नाही. शिवाय गोळी लहान आतड्यातच शोषली जाते, त्यामुळे मोठ्या आतड्यातल्या जंतूंना तिची फारशी झळ लागत नाही आणि तिथे प्रतिकार शिकलेल्यांची भरती होत नाही. सत्तरएक वर्षं वापरून ई. कोलायवर अजून चालणारी औषधं मोजकी आहेत, त्यांत हे आहे.

त्याच्या मर्यादाही पक्क्या आहेत. रक्तात नाही, मूत्रपिंडाच्या मांसल भागात नाही. थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, उलट्या म्हणजे जंतू वर चढले. तिथे हीच गोळी निरुपयोगी आणि चुलतभाऊ सांगतात ते मेरोपेनेम, किंवा त्याच घराण्यातलं दिवसातून एकदा द्यायचं अर्टापेनेम, योग्य. रिपोर्ट तोच, जंतू तोच, औषध वेगळं. क्रिएटिनिन बरंच वाढलेलं असेल, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावलेलं असेल, तर औषध लघवीत पुरेसं उतरत नाही आणि अंगात साठून त्रास देतं. जी-६-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्यांना देत नाहीत. महिनोन्महिने घेतलं तर फुप्फुसांना आणि नसांना इजा होऊ शकते. पाच दिवसांत तो प्रश्न सहसा येत नाही.

तर चांगलं अँटिबायोटिक कोणतं, याचं माझं उत्तर औषधाकडे एकट्याकडे बघून देताच येत नाही. इन्फेक्शन कुठे आहे ते आधी सांगा. डॅप्टोमायसिन रक्तातल्या स्टॅफिलोकॉकस या जंतूवर उत्तम, पण फुप्फुसातला सर्फॅक्टंट, म्हणजे आतला साबणासारखा थर, त्याला निकामी करतो, म्हणून न्यूमोनियात शून्य. ॲमिकासिनला जंतूच्या आत शिरायला ऑक्सिजनवर चालणारी यंत्रणा लागते. पू साठलेल्या गळवात ऑक्सिजन नसतो, तिथे चाकू लावून पू काढण्याला पर्याय नाही. पोचण्याची अट भागली की मग मी बघते ते असं: रुग्णाला कमीत कमी इजा, हव्या त्या जंतूपुरताच मारा, तोंडावाटे घेता येणं, आणि पाचही दिवस विकत घेता येईल अशी किंमत. किंमत शेवटी लिहिली तरी तिला हसू नका. महागडं औषध दोन दिवस घेऊन सोडलं तर त्याचा एमआयसी कितीही लहान असून उपयोग नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ पासून अँटिबायोटिकचे तीन गट केले आहेत: सहज वापरायची, जपून वापरायची आणि राखून ठेवायची. नायट्रोफ्युरँटॉइन, ॲमॉक्सिसिलिन, डॉक्सिसायक्लिन पहिल्या गटात. सिप्रो, ॲझिथ्रोमायसिन, सेफिक्झिम, सेफ्ट्रिॲक्झोन आणि मेरोपेनेमही दुसऱ्यात. कोलिस्टिन, लिनेझोलिड तिसऱ्यात. आपल्या मेडिकलच्या काउंटरवरून साध्या सर्दीसाठी जी 'अझी ५००' जाते ती जपून वापरायच्या गटातली आहे. सर्दीच्या विषाणूला ना भिंत ना स्वतःचा रायबोझोम, तिथे ती मारणार कोणाला? २०१४ पासून तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिनं, मेरोपेनेम अशी बरीच अँटिबायोटिक एच-१ अनुसूचीत आहेत, म्हणजे विकताना दुकानदाराने चिठ्ठीची वहीत नोंद ठेवायची. पट्टीवरची उभी लाल रेघही त्याचसाठी, चिठ्ठीशिवाय घेऊ नका म्हणून. ती रेघ बघून 'लाल रेघेचं आहे, म्हणजे जोरदार' असं म्हणणारे गृहस्थही मी पाहिलेत.

पावसाळ्यात ठाणे-कळव्यात पाणी तुंबलं की लेप्टोच्या (तुंबलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या) प्रतिबंधासाठी डॉक्सिसायक्लिनचा एक २०० मिलिग्रॅमचा डोस देतात, तेही डॉक्टर जखम आहे का, पाण्यात किती वेळ होता, हे विचारून. रोगाआधी अँटिबायोटिक देणं शहाणपणाचं ठरतं अशा थोड्या प्रसंगांतला हा एक. तेवढ्यावरून पावसात भिजलो की काहीतरी अँटिबायोटिक घ्यावं, हा निष्कर्ष मात्र लोकांनी आपला आपण काढला आहे.

नवीन औषधं का येत नाहीत, असं लोक विचारतात. येतात, पण थोडी. चेन्नईच्या ऑर्किड फार्माने शोधलेलं एन्मेटाझोबॅक्टम, सेफेपिमबरोबर, २०२४ मध्ये अमेरिकेत मान्य झालं. वोखार्टचं नॅफिथ्रोमायसिन न्यूमोनियासाठी तीन दिवस, रोज एकदा असं आलं आहे. यांचं कौतुक करायलाच हवं. पण धंदा म्हणून हे आतबट्ट्याचं काम आहे. रक्तदाबाची गोळी माणूस आयुष्यभर घेतो. अँटिबायोटिक पाच दिवस, आणि नवीन असेल तर आम्हीच सांगतो की शक्यतो वापरू नका. अमेरिकेतल्या अकाओजेन कंपनीने प्लाझोमायसिनला २०१८ मध्ये मान्यता मिळवली आणि २०१९ मध्ये दिवाळं काढलं. पिंपरीला सरकारने १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी केली ती नफ्यासाठी नव्हती, पेनिसिलिन देशात बनावं म्हणून होती. या औषधांकडे तसंच बघायला हवं असं माझं मत आहे. पाणीपुरवठ्यात नफा किती झाला असं आपण विचारत नाही.

आईंच्या रिपोर्टाबद्दल दोन गोष्टी राहिल्या. नमुना कसा नेला होता? ई. कोलाय उबेत दर वीस मिनिटांनी दुप्पट होतो, म्हणजे तासाला आठपट. मे महिन्यात बाटली पर्समध्ये ठेवून ठाणे-बेलापूर रोडच्या ट्रॅफिकमध्ये तास-दीड तास गेला, तर हजारांचे लाख वाटेतच होतात. मधल्या धारेची लघवी, दोन तासांत लॅबमध्ये, नाहीतर फ्रीजमध्ये. आईंना त्रास आहे आणि जंतू एकाच जातीचा आहे, त्यामुळे या वेळी मला शंका नाही. पण पुढे कधी काहीही त्रास नसताना 'फुल बॉडी चेकअप'मध्ये कल्चर पॉझिटिव्ह आलं तर औषध लागत नाही, गर्भारपण किंवा मूत्रमार्गावरची शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर गोष्ट वेगळी.

गोळी जेवणानंतर द्या. रिकाम्या पोटी मळमळतं, आणि अन्नाबरोबर ती शोषलीही चांगली जाते. लघवी गडद पिवळी ते तपकिरी होईल, त्याला घाबरू नका. अँटिबायोटिक गरम पडतात म्हणून मधेच बंद करू नका. ताक, भात, जे पोटाला रुचतं ते चालेल. फक्त पोटात जळजळ म्हणून मॅग्नेशियमवालं अँटासिड त्याच वेळी देऊ नका, काही अँटासिडमुळे ही गोळी कमी शोषली जाते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जळजळ उतरायला हवी. अंगावर पुरळ, धाप किंवा कोरडा खोकला सुरू झाला तर गोळी थांबवून डॉक्टरांना फोन करा. थंडी-ताप किंवा कुशीत कळ आली तर पाच दिवस पुरे होण्याची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा आणि हा रिपोर्ट बरोबर न्या. त्रास पूर्ण थांबला तर पुन्हा कल्चर करायची गरज नाही, ते पैसे वाचवा.